कातड्याचा क्लास

बसा मास्तर. ते पोतं घ्या बुडाखाली, फरशी गार हाय. चहा सांगितलाय. तो येईस्तवर एक गोष्ट सांगतो, पण मधेच उठून जायचं न्हाई. जन्मभर कातडं कापलेल्या माणसाला, म्हंजे मला, एका पोरीनं कातडं कसं कापायचं ते शिकवलं, आन् मी मुंडी हलवत शिकलो, त्या दिवसाची गोष्ट. हसा, खुशाल हसा. पण सांगताना माझा आवाज चढला तर तो तुमच्यावर चढलाय असं समजू नका. ह्या गोष्टीला माझी कानशिलं अजून तापतात.

मालवणच्या पुढं दर्याकाठी एक रिसॉर्ट होतं. झावळ्यांचा मांडव, खाली लांबलचक टेबल, भोवती खुर्च्या. बाहेर पाटी लावलेली, 'लेदर वर्कशॉप, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी'. शिकवायला मुंबईची एक चुणचुणीत पोरगी, अन्विता नावाची. तिनं सगळ्यांपुढं कातड्याचा एकेक तुकडा ठेवला आन् विचारलं, "आधी कुणी कधी लेदरचं काम केलंय?"

माझ्या शेजारी माझी लेक वैजू बसलेली. तिनं टेबलाखालनं माझा गुडघा दाबला.

"न्हाई," मी म्हणलं.

"मस्त! मग चुकायला अजिबात घाबरायचं नाही हं काका."

आता टेबलाभोवती कोण कोण होतं ते सांगतो. समोर माझे होणारे व्याही, नांद्रेकर, बँकेतनं रिटायर झालेले, पुण्याचे. त्यांच्या बाजूला विहीणबाई शालिनीबाई. मग त्यांचा मुलगा हर्षद, ज्याच्याशी वैजूचा साखरपुडा झालेला. आन् टोकाला दीक्षित नवरा-बायको. दीक्षित म्हंजे नांद्रेकरांच्या सोसायटीचे चेअरमन, दार समोरासमोर, सुट्टीला दोन्ही घरं मिळूनच जायची. ह्या बारीला नांद्रेकर म्हणाले, सातपुते, तुम्ही आणि वैजयंतापण चला, लग्नाआधी घरं जरा मिसळतील. माझी बायको तवा वारलेली. आम्ही बापलेक दोघंच. गेलो.

हे लग्न जुळलं कुठं? आपल्याच चर्मकार समाजाच्या वधू-वर मेळाव्यात. नांद्रेकर पहिल्या रांगेत, गळ्यात हार. मूळचं आडनाव निराळं, गावावरनं हे घेतलेलं. घ्यावं की, माझं काय जातंय. पोरगा इंजिनेर, वैजू सांगलीला नर्स, दोघांचं मन बसलेलं. आन् मी 'व्हय' म्हणलं त्याला आणखी एक कारण होतं. शालिनीबाई म्हंजे आमच्या मिरजेच्या गल्लीतल्या ज्ञानूमामांची लेक. माझा बाप लवकर गेला, तवा ज्ञानूमामांनी मला शेजारी बसवून घेतलं. पहिली कोल्हापुरी मी त्यांच्या हाताखाली शिवली. माझ्या बोटात जे काय हाय ते त्या माणसाचं. त्यांच्या लेकीच्या घरात माझी लेक जाणार, ह्याच्यापरीस काय पाहिजे?

तर मालवणला जाताना वाटेत चहाला थांबलो. दीक्षितांची गाडी मागं होती. नांद्रेकरांनी मला बाजूला घेतलं.

"सातपुते, एक छोटीशी विनंती. दीक्षितांना आपलं... ते सगळं माहीत नाही."

"ते सगळं म्हंजे?"

"म्हणजे, विषय कधी निघालाच नाही हो. तुमचं मिरजेला किराणा दुकान आहे असं मी सांगून ठेवलंय. तेवढं सांभाळून घ्या. दोन दिवसांचा तर प्रश्न."

मास्तर, माझ्या हातात चहाचा गिलास होता. गिलास बारका म्हणून वाचला, तांब्या असता तर त्यांच्या डोक्यावर रिता झाला असता. मी तोंड उघडणार तवर वैजू आली. तिला आधीच हर्षदनं सांगितलेलं. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

"आबा," ती म्हणाली, "मलाबी न्हाई पटत. पण दोनच दिवस. लग्नानंतर मी हळूहळू सगळं सरळ करते. माझ्यासाठी. शब्द द्या."

"पोरी, आपून काय दरोडा घातलाय व्हय?"

"आबा. शब्द."

दिला. पोरीची आई न्हवती, पोरीला पोरगा आवडलेला, आन् मी मुलीचा बाप. त्याला नाक असतंय, पण ते लग्नात घरी ठेवून यावं लागतंय. दिला शब्द.

दीक्षित माणूस बोलका. आल्या आल्या मला म्हणाले, "काय सातपुते, यंदा तूरडाळ कडाडणार का हो?"

मला डाळीतलं काय कळतंय? जेवढी ताटात येते तेवढी. "कडाडणार," मी म्हणलं, "सगळंच कडाडणार."

"बघा! धंद्यातल्या माणसाला बरोबर कळतं," दीक्षित बायकोला म्हणाले. वैजूनं तोंडाला पदर लावला. तेवढंच काय ते हसू.

संध्याकाळी दीक्षितबाईंनी माझी बोटं बघितली. चाळीस वर्सांची काळी नखं, धुवून निघणारी न्हवती. "अय्या, हाताला काय झालंय?" मी काय बोलायच्या आत नांद्रेकर, "गूळ! गुळाच्या ढेपा फोडून फोडून होतं ते." मी आपला हात मांडीखाली घातला. माझा हात मास्तर! ह्या हातानं मी पोरीला शिकवली, आन् तो लपवायचा, चोरीचा माल लपवावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा क्लास. दीक्षितबाईंचीच हौस. "सगळ्यांनी करायचं, गंमत येईल." नांद्रेकर जरा चाचरले, पण चेअरमनच्या बायकोला न्हाई कोण म्हणणार?

तर अन्वितानं एक रापी काढली. कातडं कापायचं आपलं हत्यार, हेच हे, अर्ध्या चंद्राच्या पात्याचं. म्हणाली, "हे पारंपरिक टूल. हातात घेऊन बघा." रापी टेबलाभोवती फिरली. दीक्षित म्हणाले बापरे, दीक्षितबाई म्हणाल्या किती जड. नांद्रेकरांनी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरतात तशी, आन् पुढं दिली. शालिनीबाईंनी हातातच घेतली न्हाई, पुढं ढकलली. मग आली माझ्याकडं. मास्तर, हात आपोआप बसला तिच्यावर. कुत्रं धन्याला ओळखतं तशी ती मुठीत येऊन बसली. वैजूनं परत गुडघा दाबला. तवा मी मुद्दाम उलटी धरली.

"काका, अशी नाही, बोट कापेल," अन्विता आली आन् माझी बोटं एकेक करून नीट बसवली. "अशी. आता कापा. हळू."

पोरीला नावं ठेवणार न्हाई मी. तिचा स्वतःचा हात चांगला होता, मनापासनं शिकवत होती. मी मुद्दाम वाकडं कापलं. "पहिल्यांदाच आहे, चालतं," ती म्हणाली. नांद्रेकर हसून म्हणाले, "सातपुते, तराजूच बरा तुम्हाला!" सगळे हसले. मीबी हसलो. दात हसले माझे. आत काय चाललेलं ते माझं मला ठाऊक.

मग वेणी शिकवायला घेतली. हातात घालायचं कडं करायचं होतं. एका पट्टीच्या तीन वाद्या चिरायच्या, वरचं टोक लाकडी फळीच्या चिमट्यात अडकवायचं आन् वेणी घालायची. सगळ्यांच्या वेण्या झाल्या गचाळ. वैजूनं धंद्याला कधी हात लावला न्हवता, मीच लावू दिला न्हवता, तिचीबी तसलीच. शालिनीबाईंचा चिमटा ढिला होता. त्या ओढायच्या, पट्टी सुटायची. परत अडकवायच्या, परत सुटायची. दोन दिवस ती बाई टाचणीच्या टोकावर बसल्यासारखी बसलेली होती, पदर सारखा करत, शब्द मोजून बोलत. आता तिचं तोंड लाल झालं. पट्टी आणखी एकदा सुटली.

आन् मग काय झालं ते तिचं तिलाबी कळलं नसंल. पायातली सँडल निघाली. बाई खुर्चीवरनं खाली उतरली, सरळ चटईवर बसली, एक गुडघा उभा केला, पट्टीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं, वाद्या पाण्यात बुडवल्या, तिसरी वादी दातात धरली. आन् बोटं पळायला लागली.

आमच्या गल्लीत पोरी अशाच वेण्या घालायच्या. संध्याकाळी उंबऱ्यावर हीच बसायची, तवाची शालू, झिंज्या डोळ्यावर, अंगठ्यात पट्टी, दातात वादी. ज्ञानूमामा काम थांबवून बघायचे आन् म्हणायचे, "माझ्या शालूच्या वेणीत सुई शिरायची न्हाई."

तिची वेणी सरसर उतरत होती, घट्ट, सापाच्या पाठीसारखी. आन् तिचा चेहरा, मास्तर! त्या घटकेला ती पुण्याची विहीणबाई न्हवतीच. वाटलं, आता मला हाक मारंल, भैरू, ती आरी दे इकडं.

"मॅडम!" अन्वितानं टाळ्या वाजवल्या. "हे कुठं शिकलात तुम्ही?"

शालिनीबाईंनी वर बघितलं. नवऱ्याकडं बघितलं. दातातली वादी काढली, पाय पदराखाली घेतला.

"अगं, लहानपणी आमच्या घरासमोर एक चांभार बसायचा," ती म्हणाली. "त्याचं बघून बघून."

नांद्रेकरांनी लगेच हसून घेतलं. "हिच्या माहेरी अगदी दारातच ठाण मांडलेलं त्यानं. इतका वास यायचा म्हणे, घास उतरायचा नाही!"

दीक्षित हसले. हर्षदबी हसला, जरासा.

एक चांभार. घासच उतरायचा न्हाई. मास्तर, ऐका. शालूला शाळेत बक्षीस मिळालेलं एकदा. ज्ञानूमामांना जायचं होतं बघायला. त्या माणसानं सकाळपास्नं हातावर लिंबू चोळलेलं मी बघितलंय. राख, साबण, परत लिंबू. बोटं आरीनं फाटलेली, त्यात लिंबाचा रस, डोळ्यातनं पाणी वाहतंय आन् मला विचारतोय, "भैरू, येतो का रं अजून वास? पोरीला मास्तरीण काय म्हणायची न्हाई न्हवं?" तिला कॉलेजपर्यंत त्यानं पोचवली. मरताना त्याच्या उशाला बसायला ती पुण्यावरनं वेळेत पोचली न्हाई, खांदा मी दिला. आन् तो आता कोण? समोर बसणारा एक चांभार.

मी उभा राहिलो. खुर्ची मागं पडली. शब्द दिलेला होता, पण शब्दालाबी काय सीमा असती का न्हाई?

पण माझ्या आधी वैजू बोलली. आवाज एकदम साधा. पेशंटला औषध घेतलं का विचारावं, तसा.

"आई," साखरपुड्यापास्नं ती त्यांना आईच म्हणायची, "काय नाव होतं त्यांचं?"

"कुणाचं?"

"समोर बसायचे, त्यांचं."

"आता काय आठवतंय इतक्या वर्षांनी."

"आठवा की. केवढी सुरेख वेणी शिकवलीय त्यांनी तुम्हाला."

"वैजयंता, चहा आलाय बहुतेक," नांद्रेकर उठले. "चला, चला सगळे."

वैजूनं तिकडं बघितलंच न्हाई. हर्षदला म्हणाली, "तू सांग. तुझ्या आईच्या वडलांचं नाव काय?"

हर्षदनं मान खाली घातली. "वैजू, हे इथं नको ना."

"मग कुठं? मेळाव्यात?"

दीक्षितबाई ह्याच्याकडं बघ, त्याच्याकडं बघ. "मला काही कळलं नाही. काय झालं?"

"काकू," वैजू म्हणाली, "तो माणूस म्हणजे ह्यांचे वडील. ज्ञानोबा नाव त्यांचं. आन् हे माझे वडील, भैरू सातपुते. ह्यांचं किराणा दुकान न्हाई. मिरजेत चपला करतात. त्यांच्या हाताला लागलाय तो गूळ न्हाई. आम्ही चांभार आहोत, आणि हेपण."

"अहो, मग आधी सांगायचं ना!" दीक्षितबाई म्हणाल्या.

आता आधी सांगितलं असतं तर त्या बाईनं काय केलं असतं, जवळ बसवलं असतं का दार लावलं असतं, ते मला अजून ठाऊक न्हाई. कधीच कुणी सांगून बघितलं न्हवतं ना. ते न बघताच ह्या दोघांनी आपला बाप पुरून टाकलेला.

नांद्रेकर माझ्यावर आले. "सातपुते, मुलीला आवरा!"

"मला किराण्यातलंच कळतंय पाव्हणं," मी म्हणलं. तेवढंच बोललो मी सगळ्या भांडणात. तेवढंच, ध्यानात ठेवा.

वैजू हर्षदच्या पुढं जाऊन उभी राहिली. "मला तू आवडतोस," ती म्हणाली. सगळ्यांदेखत म्हणाली, लाजली न्हाई. "एकदा नाव घे. ह्यांच्यासमोर. 'माझे आजोबा' म्हण आन् नाव घे. मी बाकीचं सगळं विसरते. मी थांबते, घे सवड."

आन् ती खरंच थांबली. लाटांचा आवाज येत होता. अन्विता बिचारी तोंडावर हात ठेवून उभी. हर्षदनं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं, दीक्षितांकडं बघितलं.

"नंतर बोलू आपण," तो म्हणाला.

"बरं," वैजू म्हणाली. "आबा, बॅग भरा."

आम्ही निघालो तर फाटकाशी मागनं हाक आली. "भैरू." सातपुते न्हाई, व्याही न्हाई. भैरू. वळून बघतो तर शालिनीबाई, अनवाणी, एकटी. मला वाटलं आता माफी मागती का काय. तर ती जवळ आली आन् हळूच विचारलं, "वेणी घट्ट बसलेली का रं?"

मला उंबऱ्यावरची शालू दिसली. पण राग, मास्तर, राग त्याच्या वर होता.

"घट्ट होती," मी म्हणलं. "हात चालतोय शालू तुझा. जीभ तेवढी लुळी पडलीय."

ती तिथंच उभी राहिली. आम्ही एस्टीच्या स्टँडवर चालत गेलो.

घाट लागेस्तवर वैजू खिडकीतनं बाहेर बघत बसलेली. मग म्हणाली, "आबा, तुम्ही खुर्ची पाडून उठला होता. काय करणार होता?"

"ते टेबल उचलून त्या नांद्रेकराच्या बोडक्यावर घालणार होतो."

ती हसली. खदाखदा हसली, पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली. आन् हसता हसताच रडायला लागली, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, लहान असताना रडायची तशी, आवाज करून. मी आपला हा काळा हात तिच्या डोक्यावर ठेवला आन् कंडक्टरला म्हणलं, तिकडं बघा, हिकडं काय न्हाई.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट, ह्यात अजून राग कशाचा? सांगतो. पुढच्या मेळाव्यात नांद्रेकरांनी सांगितलं, बाप तापट निघाला, रिसॉर्टात दंगा घातला, पोरीचं सोन्यासारखं लग्न बापानं मोडलं. सगळ्या समाजात तेच पसरलं. आजबी माझ्या दुकानापुढनं जाताना माणसं म्हणत्यात, हाच तो भैरू, पोरीचं वाटोळं केलं ह्यानं. मला शिव्या द्या, माझ्या पाठीला सवय हाय. पण त्या गोष्टीत माझी पोरगी कुठं हाय? जिथं मोठमोठ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं तिथं आवडत्या माणसासमोर उभी राहून जी बोलली, तिला बिचारी करून टाकली. बापाच्या रागापायी घरी बसलेली बिचारी! ज्ञानूमामाचं नाव गिळलं तसं ह्यांनी तिचं बोलणंबी गिळलं.

वैजू ह्याच्यावर काय बोलत न्हाई. आता ती सांगलीला मोठ्या दवाखान्यात मेट्रन हाय, तिला ह्या बोलण्याला वेळ न्हाई. मला हाय. म्हणून तुम्हाला बसवून घेतलं.

मास्तर, तुम्ही चार माणसांत उठता-बसता, मेळाव्याला जाता. कुठं हा विषय निघाला आन् कोण म्हणाला, भैरूनं लग्न मोडलं, तर त्याला तिथंच थांबवा. सांगा, भैरू गप्प होता. मोडलं ते वैजयंता भैरू सातपुतेनं, सगळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडानं. तिचं नाव घेऊन, मोठ्यानं सांगा. सांगाल न्हवं?